गंगुबाई घरी आहेत

१

जेवणानंतर ऑफिस नेहमीसारखं पेंगत होतं. हितेंद्र परब काचेचं दार ढकलून आत आला आणि समोर दिसलेल्या पहिल्या माणसाच्या नाकासमोर त्याने आपला फोन धरला.

"हे बघा. काय लिहिलंय वाचा."

पहिला माणूस म्हणजे खुद्द मालक, सौमित्र. तो पाण्याच्या मशीनपाशी उभा राहून ग्लासामागून ग्लास रिचवत होता. आज कॅन्टीनच्या माशाच्या आमटीत कसलं तरी कडक बी त्याच्या दाताखाली आलं होतं आणि तेव्हापासून जीभ बधिर झाल्याची तक्रार तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता. त्याने फोनकडे पाहिलं. हिरव्या पट्टीत ठळक अक्षरं होती: 'गंगुबाई घरी आहेत.'

"मग चांगलंच आहे की," सौमित्र म्हणाला.

"आई घरी नाहीये, साहेब. सकाळपासून नाहीये."

लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात 'राखण' नावाची ही छोटीशी कंपनी होती आणि ती एकच वस्तू बनवायची. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर बांधायचं घड्याळ. माणूस घराची हद्द सोडून गेला की घड्याळाने घरच्यांच्या फोनवर बोंब मारायची आणि माणूस कुठे आहे ते दाखवायचं, एवढंच त्याचं काम. आज ते काम त्याने केलं नव्हतं.

सौमित्रने मान वळवून हाक मारली, "सुनेत्रा, जरा ये गं."

सुनेत्रा नाबर ही तिथली टेस्टर. सौमित्रने बनवलेली गोष्ट लोकांच्या हाती पडण्याआधी मोडून बघायची, याचा तिला पगार मिळायचा. स्वभावही तसाच होता. लग्नाच्या पंगतीत बसली तरी वाढप्यांची रांग कुठे तुटणार हे ती आधी हेरून ठेवी, आणि तुटली की शेजारणीला कोपराने ढोसून दाखवी. दादरच्या तिच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीच्या सभेला तिला कोणी आवर्जून बोलवत नसे.

तिने फोन हातात घेतला. हितेंद्र भडाभडा बोलत सुटला. राहायला डिलाईल रोडला, इथून पलीकडच्याच चाळीत. आई सकाळी उठून गेली ती गेलीच. प्रभादेवीला देवळापाशी बघितलं, कफ परेडच्या मच्छीमार नगरात तिची एक जुनी मैत्रीण आहे तिथेही जाऊन आला. पोलिसांकडे गेला तर हवालदाराने फोन बघितला आणि म्हणाला, अहो, घरी आहेत म्हणतंय की, घरीच नीट शोधा.

"आईला साखर आहे," तो म्हणाला. "वेळेवर खाल्लं नाही की चक्कर येते. कुठे पडली असेल तर..."

"घड्याळ घरी काढून ठेवलं असेल," सौमित्र म्हणाला.

हितेंद्रने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक बारकी किल्ली होती. पट्ट्याचं कुलूप तिच्याशिवाय उघडत नाही आणि ती त्याच्या खिशातून हलली नव्हती. सुनेत्राने हिरव्या पट्टीखालच्या छोट्या अक्षरांवर बोट ठेवलं. तिथे नाडीचे ठोके दिसत होते, आणि ती बघत असतानाच आकडा बदलला.

"परब, तुमची आई जिवंत आहे," ती म्हणाली. "घड्याळ तिच्या हातावर आहे आणि या घटकेला ते चालू आहे. आणि ते शपथेवर सांगतंय की बाई घरी आहे."

२

सुनेत्राचे काही आडाखे होते. पुस्तकात छापलेले नव्हेत, ठेचा खाऊन जमलेले. त्यातला पहिला असा: यंत्र विचित्र बोलायला लागलं तर त्याला लगेच खोटारडं म्हणू नये. ते कशाच्या आधारावर असं बोलतंय ते विचारावं.

सौमित्रला हा आडाखा मान्य नव्हता. आपला तो बाब्या या न्यायाने त्याचा प्रोग्राम निर्दोष होता आणि दोष असलाच तर घरच्यांच्या हाताळणीत. त्याने हितेंद्रला बाजूच्या खोलीत बसवलं आणि सुनेत्राला हळूच म्हणाला, "ह्या लोकांनी सेटिंगमध्ये हात घातलेला असणार. विचार त्याला."

"विचारते. पण आधी तुला विचारते. 'शोधा' बटण दाबलं तर जागा का दिसत नाही?"

"घरी असलेल्या माणसाची जागा घड्याळ पाठवतच नाही. बॅटरी वाचते. घरात असलेल्या माणसाला शोधायचंय कशाला?"

सुनेत्रा बाजूच्या खोलीकडे वळली. सौमित्र पुन्हा पाणी प्यायला गेला.

खोलीत हितेंद्र खुर्चीच्या कडेवर बसला होता. सकाळपासून त्याने काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"परब, खरं सांगा. रागावणार नाही कोणी. घड्याळाचं काही बदललंत?"

तो घुटमळला. "बदललं म्हणजे... सुरुवातीला लय बोंबलायचं हो ते. आई शेजारच्या खोलीत गेली, खाली वाण्याकडे गेली, की लगेच फोन. कामावर माझा साहेब वैतागला. मग तुमच्या त्या सुशांतला सांगितलं, जरा दम धरायला लाव त्याला. त्याने वेळ वाढवून दिली. थोडा वेळ बाहेर असली तर गप्प, जास्त वेळ असली तर बोंब."

"ठीक आहे. त्यात गैर काही नाही. आई आधी काय करायची?"

"खानावळ." पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा मोकळा झाला. "चाळीतच, आमच्या खोलीत. गिरणीतले कोकणातले गडी, एकटे राहणारे, सगळे आमच्याकडे जेवायचे. शिफ्ट सुटली की पाय ठेवायला जागा नसायची. मी त्या पानांमध्येच मोठा झालो."

"आणि आता?"

आता तो खाली बघू लागला. "आता तिला स्वयंपाकघरात जाऊ देत नाही. दोनदा गॅस चालू ठेवून विसरली. श्रेया, माझी बायको, गॅसची बटणं काढून ठेवते. विळीसुद्धा वर ठेवलीय. आई पहाटे उठते, पीठ शोधते, मिळत नाही. मग दाराशी बसून राहते. काल संध्याकाळी मला म्हणाली, गडी उपाशी रवले. मी ओरडलो तिच्यावर."

सुनेत्राला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त त्या बाईची. पण कीव करून माणूस सापडत नाही, म्हणून ती उठली. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. घर म्हणजे काय, हे ह्या घड्याळाला सांगितलं कोणी?

३

सांगितलं होतं सुशांतने. घड्याळं विकायची आणि लोकांच्या घरी जाऊन बसवून द्यायची, हे त्याचं काम. बोलायला गोड, शर्ट नेहमी इस्त्रीचा, आणि तोंडात कायम एक वाक्य: टेन्शन नका घेऊ.

"मॅडम, मी स्वतः गेलो होतो परबांकडे. नेहमीप्रमाणे. नवीन बॉक्स फोडला, घड्याळ बांधलं, दारात उभा राहून घराची हद्द आखून दिली. त्यांच्या फोनवर बघा, एकच घर आहे."

सुनेत्राने बघितलं. फोनवर एकच घर होतं, डिलाईल रोडची चाळ. हद्दही नेटकी आखलेली.

पण तिचा दुसरा आडाखा असा होता की माणूस 'नेहमीप्रमाणे' म्हणाला की तिथे पाय रोवून उभं राहायचं. नेहमीप्रमाणे केलेली गोष्ट कोणाला आठवत नाही, आणि आठवत नसलेली गोष्ट छातीठोकपणे सांगणारा माणूस एक तर भाबडा असतो नाहीतर काहीतरी झाकत असतो. सुशांत भाबडा नव्हता.

ती हितेंद्रकडे परत गेली आणि त्याच्या बायकोला फोन लावायला सांगितला. श्रेया चाळीतच होती, शेजारच्या खोल्या पुन्हा पुन्हा धुंडाळत. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"श्रेया, मी घड्याळवाल्यांच्या ऑफिसातून बोलतेय. घड्याळात काही वेगळं दिसलं होतं का तुम्हाला? अगदी फालतू असलं तरी चालेल."

"नाही हो मॅडम. नवीनच होतं. बॉक्समधून काढून बांधलं."

"आठवून बघा. रंग, ओरखडा, वास, काहीही."

"कुंकू होतं तेवढं. मागच्या बाजूला, बारीकसं बोट टेकवल्यासारखं. नव्या वस्तूला आपण लावतोच ना. मला बरं वाटलं, म्हटलं ऑफिसवाले पूजा करून देतात. नंतर म्हटलं आईंच्या हाताला डाग पडेल, म्हणून पुसायला गेले."

"मग?"

"निघेना. साबण लावला, तेल लावलं. नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला."

सुनेत्राने फोन खाली ठेवला आणि स्वतःच्या टेबलाचा खण उघडला. पेनं, वायरी आणि डोकेदुखीच्या गोळ्यांच्या मध्ये तिची लाल नेलपॉलिशची बाटली होती. ती नखांना कधीच लावत नसे.

४

"सुशांत, इथे ये आणि दार लावून घे."

तो आला. तिने टेबलावर चाचणीची घड्याळं पालथी मांडून ठेवली होती. प्रत्येकाच्या पाठीवर लाल ठिपका होता. चाचणीसाठी वापरून वापरून घासलेलं घड्याळ विक्रीच्या घड्याळात मिसळू नये, म्हणून हा ठिपका तिनेच सुरू केला होता. ऑफिसात सगळ्यांना तो माहीत होता. बाहेरच्या कुठल्याही मराठी घरात मात्र नव्या वस्तूवरचा लाल ठिपका म्हणजे कुंकू, याबद्दल कोणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

"गंगुबाईंच्या हातावर ह्यातलंच एक आहे. होय की नाही?"

सुशांतने एकदा दाराकडे पाहिलं. मग इस्त्रीच्या शर्टासकट तो खुर्चीत बसला. "स्टॉक संपला होता मॅडम. परब घाई करत होते, आई परवाच रस्ता चुकली म्हणाले. नवीन माल यायला वेळ होता. मी म्हटलं घड्याळ ते घड्याळ, काय फरक पडतो. पुसून बॉक्समध्ये घातलं. आल्यावर बदलून देणार होतो."

"आणि विसरलास."

"विसरलो."

सौमित्र दारात येऊन उभा होता. "ठीक आहे, चुकलं त्याचं. पण जुनं घड्याळ असलं म्हणून काय झालं? त्याच्यावर चाळीची हद्द आखलीय ना?"

"चाळीची आखली. पण आधीची पुसली नाही," सुनेत्रा म्हणाली. "चाचणीच्या घड्याळाच्या पोटात आधीपासून एक घर असतं. ते गिऱ्हाइकाच्या फोनवर दिसत नाही, कारण तसलं घड्याळ गिऱ्हाइकाला कधी जायचंच नसतं. ह्या घड्याळाला दोन घरं आहेत, सौमित्र. एक परबांची चाळ. दुसरं घर कुठलं?"

सौमित्रने पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवलं. "हे. आपलं ऑफिस."

"चाळ सकाळपासून पिंजून काढलीय. बाई तिथे नाही. तरीही घड्याळ म्हणतं घरी आहे, आणि ते खोटं बोलत नाही, फक्त आपण सांगितलं तेवढंच त्याला कळतं. मग बाई कुठे आहे?"

हितेंद्र तिच्या मागे कधी येऊन उभा राहिला होता कोणास ठाऊक. "इथे? माझा फोटो काढून, नाव लिहून घेऊन सोडलं मला गेटवर. तिला कोण सोडणार?"

"थांब, थांब," सौमित्र म्हणाला. "चाळ ते इथे, मधला रस्ता कुठल्याच हद्दीत नाही. तिथे बोंब मारायला हवी होती."

"मारली असती. पण परबांनी त्याला दम धरायला लावलाय. मागच्या गेटातून यायचं तर चाळीतून हाक मारली तरी इथे ऐकू येते. घड्याळ अजून दमच धरून होतं, तोवर बाई दुसऱ्या घरात पोचली. आणि मागच्या गेटावर कोणाचा फोटो काढत नाहीत. तिथून भाजी येते, बर्फ येतो, मासळी येते."

बोलता बोलता ती थांबली. हद्द आपण कशी आखली होती ते तिला आठवलं. आधी ती नुसती ह्या इमारतीपुरती होती. पण टेस्टर मंडळी हातात घड्याळं घालून मागच्या कॅन्टीनला जेवायला गेली की सगळी घड्याळं एकदम बोंबलायची आणि ताटावरून उठावं लागायचं. म्हणून तिनेच ती रेघ वाढवून कॅन्टीन आत घेतलं होतं. इमारतीत शिरायला कार्ड लागतं. कॅन्टीनमध्ये शिरायला काही लागत नाही.

"सौमित्र, तुझ्या दाताखाली काय आलं होतं?"

"काय?"

"आमटीत. बी कसलं होतं?"

"मला काय माहीत? काळपट, वाटोळं. जिभेला मुंग्या आल्या नुसत्या."

"तिरफळ," सुनेत्रा म्हणाली. "बांगड्याच्या असल्या आमटीत, तिखल्यात, मालवणी माणूस तिरफळ घालतो. मी वाटी पुसून खाल्ली आज. एवढी वर्षं इथे जेवतेय, आपल्या कॅन्टीनवाल्याने कधी तिरफळ घातलेलं मला आठवत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. फरक इतकाच की ह्यांचं कळशातलं पाणीही पिऊन झालं होतं. हितेंद्र तोवर दाराबाहेर पोचलाही होता.

५

कॅन्टीनचा ठेकेदार सीताराम दारातच हिशोबाच्या गल्ल्यावर बसला होता. म्हातारी बाई म्हणताच त्याचा चेहरा खुलला.

"त्या मावशी? आत आहेत की. एजन्सीने पाठवल्यात ना? चपातीवाली गावाला गेली म्हणून मी माणूस मागितला होता."

एजन्सीने कोणालाच पाठवलं नव्हतं. सकाळी नऊवारीतली एक बाई मागच्या गेटातून मासळीच्या टोपलीमागोमाग आत आली, हात धुतले, विळी ओढून घेऊन खाली बसली आणि बांगडे मागून घेतले. आचाऱ्याला वाटलं सीतारामने आणलीय. सीतारामला वाटलं आचाऱ्याने बोलावलीय. इतक्या सफाईने विळीवर बसलेल्या बाईला तू कोण असं विचारायचं धाडस दोघांनीही केलं नव्हतं. डब्यातून कुठून तरी तिरफळंही तिनेच हुडकून काढली होती.

"जेवल्या का त्या?" सुनेत्राने विचारलं.

"जेवल्या की. आमच्याबरोबरच, पोटभर."

हितेंद्रने चपला दारातच काढल्या. मग तो आत गेला.

गंगुबाई मोरीजवळ पाटावर बसल्या होत्या, पदर खोचून. समोर एक झाकलेलं ताट होतं. सगळी भांडी घासून झाली तरी हे एक ताट त्या कोणाला उचलू देत नाहीत, असं सीताराम कुजबुजला, मागाहून कोणीतरी येईल म्हणतात. मनगटावर घड्याळ होतं आणि त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. ओळखीची खूण चेहऱ्यावर कुठेच नव्हती.

"उशीर केलंस," त्या म्हणाल्या. "गिरणीत खंयच्या खात्यात असंस तू?"

"आये, मी. हितू."

"बस, हितू," त्या म्हणाल्या, नव्या गड्याचं नाव लक्षात ठेवावं तसं. "हातपाय धू नि बस. जेवण थंड झाला."

सुनेत्राला वाटलं तो आता रडेल, किंवा हट्टाने पुन्हा पुन्हा नाव सांगत राहील. त्याने तसं काही केलं नाही. मोरीवर हात धुतले आणि तो आईसमोर फरशीवर मांडी घालून बसला.

मागोमाग आलेला सौमित्र दबक्या आवाजात बरोबरच्या सुशांतला झापत होता आणि घड्याळातलं ते दुसरं घर आत्ताच्या आत्ता पुसून टाक म्हणत होता. सुनेत्राने त्याला हाताने गप्प केलं. ते काम व्हायलाच हवं होतं, पण आज संध्याकाळी झालं असतं तरी चालण्यासारखं होतं.

गंगुबाईंनी ताटावरचं झाकण काढलं, भात सारखा केला आणि बांगड्याची तुकडी उचलून स्वतःच्या तळहातावर घेतली. बोटांनी ती अलगद उघडली. मधला काटा सोडवून बाजूला ठेवला. मग अंगठ्याने चाचपत कडेचे बारीक काटे एकेक करून काढले आणि नुसता मऊ मासा भाताच्या कडेला ठेवला. हे सगळं चालू असताना त्या समोर बघतही नव्हत्या, सीतारामला उद्याच्या मासळीचं सांगत होत्या.

सुनेत्रा कॅन्टीनच्या दारात उभी होती. दुपारी तिच्या स्वतःच्या तुकडीत काटे होते. सौमित्रच्याही होते, सगळ्यांच्याच होते. तरी खात्री करून घेतल्याशिवाय तिला राहवेना.

"सीताराम, आज ह्यांनी आणखी कोणाला काटे काढून दिले?"

सीतारामला प्रश्नच कळला नाही. "काटे? कोणाला नाही बुवा. एवढ्या पानांना कोण काढत बसणार?"

हितेंद्रला हे सांगावं असं एकदा सुनेत्राच्या मनात आलं. पण तो मान खाली घालून जेवत होता आणि आईच्या बोटांवरून त्याची नजर हलत नव्हती. चाळिशी उलटलेला माणूस होता तो, माशाचे काटे त्याला काढता येत होते. दुसरी तुकडी त्यांनी उचलली तेव्हा त्याने ताट थोडं पुढे सरकवलं आणि त्यांना काढू दिले.